पुरात भिजलेला, चेपलेला, फुगलेला डबा : ठेवायचा का फेकायचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत पाणी आलं. हसनाळ, रावणगाव या गावांत घरं बुडाली, माणसं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. पुढच्या महिन्यात मांजरा, तेरणा, गोदावरी फुगल्या आणि नांदेड-लातूरच्या कितीतरी गावांत पाणी शिरलं. पिकाचं काय झालं ते सगळ्यांनी लिहिलं, आम्हीही लिहिलं. किराणा दुकानाबद्दल मात्र कमी लिहिलं गेलं.

पाणी ओसरलं की दुकानदार माल बाहेर काढतो. साखर विरघळलेली, कडधान्याला मोड आलेले, पिठाचा लगदा झालेला. तो टाकावाच लागतो, त्यात वाद नाही. पण पत्र्याचा बंद डबा चिखल पुसला की नव्यासारखा दिसतो. आमरसाचा डबा, रसगुल्ला, गुलाबजाम, अननसाच्या चकत्या, दुधाचा घट्ट डबा, लेकराच्या दुधाची पावडर. मग हा माल निम्म्या किमतीत आठवडी बाजारात येतो, नाहीतर लग्नाच्या आचाऱ्याकडे जातो. घेणाराही म्हणतो, डबा तर बंद हाय, आत कुठं पाणी गेलंय?

कधी खरंच आत काही गेलेलं नसतं. कधी गेलेलं असतं आणि कळत नाही. यातला फरक कसा ओळखायचा, ते पुढे दिलं आहे. पूर नसला तरी हे कामाचं आहे. टेम्पोतून उतरवताना आपटलेला डबा, पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे पडून राहिलेला डबा, यांनाही हाच नियम लागू आहे.

आधी डबा टिकतो कसा ते समजून घ्या

डब्यात माल भरतात, हवा काढून झाकण पत्र्यात दुमडून पक्कं करतात आणि मग पूर्ण डबा तापवतात. मटार, मशरूम, स्वीटकॉर्न, राजमा, मासे असा आंबट नसलेला माल असेल तर वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवावा लागतो. आमरस, अननस, टोमॅटो आंबट असतात, त्यांना एवढं तापमान लागत नाही. डबा थंड झाला की आतली हवा आकसते आणि झाकण किंचित आत ओढलं जातं. म्हणून चांगल्या डब्याचं झाकण आणि बूड सपाट किंवा थोडं आत गेलेलं असतं. एवढं एक लक्षात राहिलं तरी अर्धी पारख झाली.

आतले जंतू मेलेले असतात आणि बाहेरचे आत जाऊ शकत नाहीत, एवढ्यावरच डबा वर्ष-दोन वर्षं टिकतो. म्हणजे सगळं गणित पत्र्याच्या जोडावर आहे. जोड फाटला, केसाएवढी फट पडली, तरी डबा बंद राहिला नाही असं समजा. पुराच्या पाण्यात गटार असतं, उकिरडा असतं, मेलेलं जनावर असतं. त्या पाण्याला केसाएवढी फट पुरते.

नाकाने पारख होत नाही

आपल्याकडे अन्नाची पारख नाकाने आणि जिभेने करतात. दूध नासलं, वरण विटलं, भाकरीला बुरशी आली, हे आईला लांबून कळतं. डब्याच्या बाबतीत ही सवय घात करते, कारण सगळ्यात वाईट विषाला वास नसतो, चव नसते आणि रंगही बदलतोच असं नाही.

त्या जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो मातीत असतो, आपल्या रानातल्या मातीतही असू शकतो. त्याचं बीज (बीजाणू) साध्या उकळीने मरत नाही. जिथे हवा नाही आणि आंबटपणा नाही अशी जागा त्याला मानवते, आणि डबा नेमका तसाच असतो. तिथे तो वाढला की जे विष तयार करतो ते माहीत असलेल्या विषांत सगळ्यात जहाल गणलं जातं. यातून होणाऱ्या आजाराला बोट्युलिझम म्हणतात. बोटावर घेऊन चाटून बघणं एवढ्यानेही माणूस आजारी पडू शकतो. म्हणून शंका आलेला डबा चाखून बघू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तर मुळीच चाखायला देऊ नका. आमच्या भागात ती एक वाईट खोड आहे.

हा आजार भारतात दुर्मिळ आहे, उगाच घाबरवायचं नाही. पण झालेलाच नाही असंही नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेत ३४ विद्यार्थी आजारी पडले, त्यातले ३ दगावले. त्यांनी खाल्ली होती शेव, डबाबंद मालसुद्धा नाही. तपासात याच जातीच्या विषाचा माग लागला.

"उकळून घेतलं की चालतं" असं बरेच जण म्हणतात. यात अर्धं खरं आहे. हे विष दहा मिनिटं चांगलं उकळलं तर निकामी होतं, पण बीजाणू होत नाही. शिवाय दुसऱ्या काही जंतूंची विषं उकळूनही जात नाहीत. आणि सरळ विचारतो, आमरस कोण उकळतं? रसगुल्ला कोण उकळतं? डबा फोडला की ताटात वाढतात.

डबा हातात घेतल्यावर काय बघायचं

पहिली गोष्ट, फुगवटा. डबा सपाट जागेवर ठेवा. डुगडुगतो का बघा. मग झाकणाच्या मधोमध अंगठ्याने दाबा. हललं नाही तर ठीक. दाबल्यावर टक् असा आवाज होऊन आत गेलं, किंवा वरून दाबलं आणि खालचं बूड बाहेर आलं, तर आत वायू धरलाय. डबा गेला. काही वेळा हा वायू जंतूंचा नसतो. आंबट माल पत्र्याला खातो आणि त्यातूनही वायू होतो, जुन्या आमरसाच्या किंवा अननसाच्या डब्यात हे घडतं. पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे फुगलेल्या डब्याला कुठलीही सवलत नाही.

दुसरी गोष्ट, पोचा. इथे लोक दोन्हीकडून चुकतात. काही जण जरा चेपलेला डबाही फेकतात, तर काही जण पार चेंदलेला डबाही वापरतात. पोचा किती मोठा, त्यापेक्षा तो कुठे आणि कसा आहे ते महत्त्वाचं. डब्याच्या पोटावर गोलसर, उथळ पोचा असेल, धारदार घडी पडलेली नसेल, तर डबा वापरता येतो. पोचा एवढा खोल असेल की त्यात बोट बसतं, तर नको. पोच्याला टोकदार घडी असेल तर नको, कारण घडीवर पत्रा चिरलेला असू शकतो. आणि पोचा झाकणाच्या किंवा बुडाच्या कडेवर असेल, किंवा उभ्या जोडावर असेल, तर तो कितीही लहान दिसला तरी नको. जोड तिथेच असतो. एकावर एक डबे रचताना कड दबून नीट बसत नसेल तर तोही बाजूला काढा.

गंजाचं सोपं आहे. फडक्याने किंवा बोटाने घासला आणि निघाला, खाली पत्रा गुळगुळीत लागला, तर वरवरचा गंज आहे. नखाला खड्डे लागले किंवा पापुद्रे निघाले तर पत्रा खाल्ला गेलाय.

गळती बहुतेकांना दिसते, पण वाळलेली गळती दिसत नाही. कडेला चिकट, काळपट ओघळ, त्यावर मुंग्या किंवा धूळ चिकटलेली. दुकानदार ओल्या फडक्याने पुसून ठेवतो. म्हणून बोटाने कड फिरवून बघा, चिकट लागली की समजा.

शेवटची पारख फोडताना होते. चांगला डबा फोडला की हवा आत ओढल्यासारखा बारीक आवाज येतो किंवा काहीच येत नाही. पाणी फसकन उडालं, फेस आला, बुडबुडे दिसले, वास वेगळा आला, तर तिथेच थांबा. अंगावर उडालं असेल तर हात साबणाने धुवा. ओपनर आणि ओटाही धुवा.

पुराच्या पाण्यात बुडालेला डबा

पूर्ण पत्र्याचा, फॅक्टरीत बंद झालेला, कडेने कुठेही न चेपलेला, न गंजलेला डबा पुरात बुडाला तरी वाचवता येतो. पण नुसतं पुसून नाही. आधी वरचा कागद काढून टाका, चिखल कागदाखाली बसतो. कागदावरचं नाव आणि मुदतीची तारीख काढायच्या आधी लिहून घ्या. मग डबा साबणाने घासून धुवा आणि स्वच्छ पाण्यात पूर्ण बुडवून उकळी आल्यावर दोन मिनिटं ठेवा. त्याहून जास्त उकळत बसू नका, बंद डबा तापला की फुगतो. उकळायची सोय नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात साधारण एक छोटा चमचा घरगुती द्रव ब्लीच, बिनवासाचं, घालून पंधरा मिनिटं बुडवा. नंतर हवेवर कोरडा होऊ द्या आणि मार्करने नाव-तारीख परत लिहा. असा डबा लवकर वापरून टाका, पुढच्या वर्षीच्या लग्नासाठी ठेवू नका.

आता कशाला वाचवायचं नाही ते. फिरकीच्या झाकणाची बरणी, लोणचं असो की जॅम, सील असलं तरी झाकणाच्या आट्यांत चिखल जातो आणि तिथून निघत नाही. रिंग ओढून उघडायचा डबा नको. पत्र्याचं टोपण मारलेली सॉसची किंवा थंड पेयाची बाटली नको. दूध-ताकाचं कागदी खोकं, बिस्किटाचा पुडा, प्लॅस्टिकची पिशवी यातलं काहीच नको.

लेकराच्या दुधाच्या पावडरीचा डबा पाण्याला लागला असेल तर तो टाकाच. आत चंदेरी कागदाचं सील असलं तरी. हा डबा महाग असतो, टाकताना जिवावर येतं, म्हणूनच इथे वेगळं लिहितोय. अंगणवाडीतून मिळालेली भिजलेली पाकिटंही तशीच.

गोडेतेलाचा १५ किलोचा डबा लोकांना सगळ्यात भक्कम वाटतो, पण त्याचं टोपण साधं असतं आणि तो वर सांगितल्यासारखा तापवून बंद केलेला नसतो. बुडालेल्या डब्यात टोपणातून पाणी गेलं की ते तेलाच्या खाली बसतं आणि वरून तेल स्वच्छ दिसतं. तो खायला नको. एकदा वापरलेल्या डब्यात परत खाद्यतेल भरून विकायला कायद्याने बंदी आहे, तरी बाजारात असे डबे दिसतात. टोपण नवं आणि डबा जुना, खरचटलेला दिसला की घेऊ नका.

एक गोष्ट शेतकरी म्हणून सांगतो, ती शहरातल्या माहितीपत्रकात नसते. आपल्या गावांत किराणा दुकान आणि कृषी केंद्र भिंतीला भिंत लावून असतात. पाणी दोन्हीकडून फिरतं. फवारणीची औषधं, तणनाशक, युरिया, पंपाचं डिझेल, सगळं त्यात मिसळतं. दुकानात औषधाचा वास असेल, पाण्यावर तेलाचा तवंग दिसला असेल, तर चांगला दिसणारा डबासुद्धा वाचवायच्या नादाला लागू नये, असं माझं मत आहे. उकळल्याने जंतू मरतात, कीटकनाशक मरत नाही.

उन्हाळा आणि पत्र्याची शेड

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. डब्यावर लिहिलेली मुदत ही थंड, कोरड्या जागेसाठी असते. काही जंतू असे आहेत की कारखान्यातल्या उष्णतेतून वाचतात, एरवी निपचित पडून राहतात आणि साठवणीची जागा फार तापली की वाढतात. अशा वेळी डबा फुगत नाही, कड चांगली असते, पण फोडल्यावर माल आंबूस झालेला असतो. तो खाऊ नये. डबे शेडच्या वरच्या फळीवर रचण्यापेक्षा घरात, जमिनीपासून थोडं वर, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा.

लग्नाची पंगत

घरातल्या एका डब्याने एक घर आजारी पडेल. पंगतीत आमरसाचे ३ किलो १०० ग्रॅमचे मोठे डबे फोडतात आणि एकाच टोपात ओततात. एक खराब डबा सगळ्या टोपात मिसळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत धार्मिक कार्यक्रमाच्या जेवणातून दोन हजारांच्या आसपास लोकांना त्रास झाला होता. तिथे डब्यांचा संबंध नव्हता, पण एका पंगतीतून आजूबाजूच्या गावांचे दवाखाने कसे भरतात ते आपण पाहिलंय. त्यामुळे आचाऱ्याला एवढं सांगाच की डबे आदल्या दिवशी ओळीने मांडून बघायचे, आणि प्रत्येक डबा आधी वेगळ्या भांड्यात ओतून मगच टोपात घालायचा. फोडलेला डबा उरला तर डब्यातच ठेवू नये, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावा.

घेताना

डब्यावर १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरायची अंतिम तारीख असते. तारीख बहुतेक वेळा बुडावर किंवा झाकणावर छापलेली असते, तिथे बघा. कागद नाही, तारीख खोडलेली किंवा वर दुसरं स्टिकर लावलेलं, असा डबा फुकट मिळाला तरी घेऊ नका. पुरानंतर मदतीच्या गाड्यांतूनही डबे आणि पाकिटं येतात. देणाऱ्याची भावना चांगली असते, पण वाटप करणाऱ्यांनी तारीख बघूनच वाटावं. स्वस्तात "डॅमेज माल" म्हणून विकणारा बिल देत नसेल तर त्याचं कारण उघड आहे.

दुकानदारांची अडचण मला मान्य आहे. आधीच नुकसान, त्यात माल फेका म्हणणं सोपं नसतं. पंचनामा आणि विम्याचं काम होईपर्यंत खराब माल वेगळ्या खोलीत ठेवा, फोटो काढा, यादी करा. पण तो विक्रीच्या मालात मिसळू नका. असुरक्षित अन्न विकल्याने कुणाचा जीव गेला तर अन्न सुरक्षा व मानके कायद्यात किमान ७ वर्षं ते जन्मठेप आणि किमान १० लाख दंड आहे.

टाकायचा डबा फोडून बघू नका. पिशवीत बांधून विहिरीपासून आणि हातपंपापासून दूर खोल पुरा. जनावरांना, कुत्र्यांना घालू नका. हा बोट्युलिझम गायी-म्हशींनाही होतो आणि त्यातून जनावर वाचणं अवघड असतं.

खाऊन झालं असेल तर

साधी विषबाधा बहुतेक काही तासांत कळते. उलट्या, जुलाब, पोटात कळा. बोट्युलिझमचं तसं नाही. साधारण १२ ते ३६ तासांनी, कधी काही दिवसांनी सुरू होतो, आणि पोटापेक्षा डोळ्यांत आधी दिसतो. एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होऊन खाली येणं, तोंड कोरडं पडणं, जीभ जड होणं, घास गिळता न येणं. मग मान, हात, पाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास. ताप बहुतेक नसतो, माणूस शुद्धीत असतो.

आपल्या भागात पापण्या खाली आल्या की पहिला संशय मण्यार चावल्याचा येतो, आणि तो बरोबरच आहे, कारण मण्यारीच्या विषाची लक्षणंही अशीच असतात आणि चावल्याची खूण बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना दोन्ही सांगा : रुग्ण जमिनीवर झोपला होता का, आणि गेल्या दोन-चार दिवसांत डब्यातलं काय खाल्लं. घरात दोघा-तिघांना एकदम असा त्रास झाला तर अन्नाचा संशय जास्त धरा, पण सापाची शक्यता सोडू नका.

यावर घरगुती उपाय नाही. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, गिळता न येणाऱ्या माणसाच्या छातीत पाणी जातं. प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळ न घालवता १०८ बोलवा आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या ठिकाणी न्या. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. उरलेला माल आणि रिकामा डबा फेकू नका, पिशवीत बांधून सोबत न्या, तपासणीला तोच लागतो. दुकानातल्या मालाबद्दल तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८०० २२२ ३६५ आहे. फोन करताना डब्यावरचा बॅच क्रमांक समोर ठेवा, तो पहिल्यांदा विचारतात.